टोपीवाल्याची गाडी कोणत्या दिशेनं गेली

भाऊ,

तुझ्या तेरवीला लोकांनी तुझ्याबद्दल कमी आणि टोपीवाल्याबद्दल जास्त गोष्टी सांगितल्या. मांडवात पंगत बसली होती. एकोडीची माणसं तर होतीच, पण पार बपेऱ्याहून दोघं मोटारसायकलवर आले होते. जो तो भाताचा घास गिळून हेच सांगत होता की टोपीवाल्याला ताप कसा आला, त्यानं घरी मनिऑर्डर कशी पाठवली आणि शेवटी गाडीत बसून तो बायकोपोरांकडे कसा गेला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेरवी तुझी, तुझी सख्खी बहीण समोर वाढायला उभी, आणि लोक एका अमेरिकन नटाच्या आठवणीनं डोळे पुसत होते. त्या आठवणी तरी खऱ्या असाव्यात. त्या नटाच्या सिनेमात असं काही घडलेलं नाही आणि आयुष्यात तर मुळीच नाही. हे सगळं तू एकट्यानं रचलेलं, आणि तुझ्या मागे निस्तरायला मी.

बपेऱ्याचा तो म्हातारा मला म्हणाला, "बाई, तुमी तर इंग्रजीच्या मास्तरीन. तुमाले त पूरा समजला असंन थो पिच्चर."

मी म्हटलं, "हो, समजला." आणि त्याच्या पानात आणखी भात वाढला. जेवणाऱ्या माणसाचा घास कशाला कडू करा.

साकोलीच्या व्हिडिओच्या दुकानात तू कामाला होतास तेव्हा ती कॅसेट कुठल्या तरी गठ्ठ्यातून चुकून आली होती. काळापांढरा इंग्रजी सिनेमा, कव्हरवर दारात उभा असलेला टोपीतला माणूस. भाड्यानं कोणी नेत नव्हतं, म्हणून मालकानं ती तुला देऊन टाकली. पुढं त्याच मालकाकडून तू जुना टीव्ही आणि व्हीसीआर घेतलास आणि गावोगाव व्हिडिओ दाखवायला लागलास. हिंदी सिनेमे होतेच. पण एकदा आपल्याच एकोडीत हिंदी कॅसेटची फीत अडकली, बायका उठून जायला लागल्या, आणि तू वेळ मारून न्यायला ही इंग्रजी कॅसेट घातलीस. इंग्रजी तुला येत नव्हतं. तुझी शाळा सातवीत सुटलेली. मग टीव्हीच्या बाजूला उभा राहून, हातात वेताची छडी घेऊन, तू आपल्या बोलीत गोष्ट सांगायला लागलास. गावच्या दंडारीच्या खेळात सोंगं घेतलेला माणूस तू, तुला कोण थांबवणार.

"हा पाहा, हा टोपीवाला. अमेरिकेतला धानाचा शेतकरी हाय. तीन एकर बांधी हाय, दोन बैल हाय. घरी बायको हाय, पोट्टा हाय, पोट्टी हाय. काम नाही म्हनून शहरात आला, लाकडं कापाच्या आरामशिनीवर लागला. अन् हे बाई खानावळवाली."

ती बाई खानावळवाली नव्हती, भाऊ. त्यानं तिच्याशी घरोबा केला होता. पहिल्यांदा त्यानं तिला जवळ ओढलं तेव्हा तू झटकन टीव्हीपुढं उभा राहिलास आणि म्हणालास, "आता याले ताप आला. बाई कपाळाले हात लावून पाहून रायली." पुढं जितक्यांदा तो प्रसंग आला तितक्यांदा टोपीवाल्याला ताप आला. लोक म्हणायचे, शहराची हवा मानवली नाही बिचाऱ्याला. माय पदर तोंडाला लावून हसायची. तिला इतकं हसताना मी दुसऱ्या कुठल्या ठिकाणी पाहिलं नाही, हे मात्र मी तुझ्या बाजूनं लिहून ठेवते.

मग तो सिनेमा तुझा पिच्छा सोडेना. धानाची रोवणी आटोपली की दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना पोती टांगून अंधार करायचा, आणि बाया ओरडायच्या, "टोपीवाला लाव." हिंदी हिरो राहिले बाजूला. बपेऱ्याला तर मध्य प्रदेशची माणसंही यायची, तिथं तू अर्धी गोष्ट हिंदीत सांगायचास. माणसं तुझं ऐकायला यायची आणि त्याच्याकडे पाहायची. तोही होता तसाच, पाहण्यासारखा. बोलायचा कमी. टोपीखालून नुसता बघायचा, खुर्चीवरून उठायचा तेव्हासुद्धा आता काय करणार म्हणून बाया पुढं सरकायच्या. त्याच्या कामाबद्दल मला कधीच तक्रार नव्हती. तक्रार तुझ्याबद्दल होती, आणि ती शेवटच्या एका प्रसंगाची होती.

टोपीवाला सकाळी उठतो. बाई झोपलेली असते. तो मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतो, बॅग उचलतो, स्टेशनवर येतो, गाडी येते, तो चढतो. दारात उभा राहून एकदा मागं बघतो. धूर होतो आणि सिनेमा संपतो. मूळ गोष्टीत तो तिला सोडून जातो. जन्मभर एकेका गावातून असाच उठून जात आलेला माणूस आहे तो. पण तू तिथं छडी खाली ठेवायचास आणि हळू आवाजात म्हणायचास, "चालला घराकडं. बायको वाट पाहून रायली. घड्याळ बाईले देऊन टाकलं, काहून का आता घरी पोहचल्यावर त्याले टाइम पाहाचं काम नाही."

आणि समोर, सगळ्यांच्या पुढं, माय बसलेली असायची.

आता बाबांबद्दल लिहायला मला आवडत नाही, पण लिहिल्याशिवाय माझा राग कोणाला कळणार नाही. बाबा राईस मिलमध्ये मिस्त्री होते. हात चांगला होता. भिलाईला मोठं काम मिळतंय, पोळ्याला येतो, असं सांगून गेले. सौंदडच्या स्टेशनवर आपण तिघं सोडायला गेलो होतो. मी मायच्या कडेवर होते, मला काहीच आठवत नाही. तुला सगळं आठवत होतं, त्यांची पेटी तूच डोक्यावर घेतली होतीस. पोळा आला. मग पुढचा आला. कोणी म्हणे, तिकडं त्यांनी दुसरं घर केलं. मायनं गळ्यातली काळी पोत काढली नाही, ती मरेपर्यंत. लोकांच्या बांध्यांत रोवणी करून तिनं आपल्याला वाढवलं, मला शिकवलं, आणि तुझा टोपीवाला लागला की पदर सावरून पुढं जाऊन बसली.

मी साकोलीला कॉलेजात शिकायला लागले, इंग्रजी कळायला लागलं, आणि एका सुट्टीत तुझ्या कॅसेटवर तो सिनेमा नीट ऐकला. मला अजून आठवतं, तू अंगणात कोंबड्यांना कणी टाकत होतास.

मी म्हटलं, "भाऊ, तो घरी नाही जात. तो पळून जातो."

तू वर न बघता म्हणालास, "कोन सांगतलं?"

"तो स्वतःच सांगतो की. आदल्या रात्री तिच्याशी बोलतो, त्यात आहे सगळं."

"तिले सांगते ना थो. तिले काय बी सांगंन. गाडी कोन्या दिशेनं चालली, हे तुले कसं समजलं?"

तिथून आपला वाद सुरू झाला आणि तू मेलास तरी संपला नाही. मी दरवेळी नवा पुरावा आणायची आणि तू दरवेळी गाडीची दिशा विचारायचास. पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हणायची, तू मायला फसवतोस. ती बिचारी दरवेळी पुढं बसते, तिच्या मनात आशा लागते, आणि तू एका परक्या नटाच्या तोंडून तिला खोटं सांगतोस की गेलेले परत येतात. एकदा सांग ना तिला खरं, सुटू दे तिला यातून. तू नुसता हसायचास. "तुय इंग्रजी तुयापाशी ठेव, मंदे." माय गेली तेव्हा तिच्या गळ्यात ती पोत तशीच होती, आणि मी स्मशानातून आल्यावर तुझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाही.

मला वाटलं होतं, माय गेल्यावर तरी तू हलशील. व्हिडिओ केव्हाच बंद पडले होते. गावागावात डिश आली, मग मोबाईल आले. वडशाच्या एका नाटक कंपनीनं तुला बोलावलं होतं, तुझा आवाज, तुझं सोंग त्यांना माहीत होतं. सीझनभर फिरायचं होतं म्हणून तू नाही म्हणालास. मी साकोलीला माझ्याकडे राहायला ये म्हटलं, तर म्हणे, "घरी कोनी पायजे ना." घरी कोण होतं? तू आणि कोंबड्या. लग्नाचा विषय काढला की हसून म्हणायचास, "अजून एका बाईले वाट पाहाले लावू काय?" आणि दाराला तू कधी कुलूप लावलं नाहीस. बाजाराला गेलास तरी नुसती कडी. चोर आला तर काय करशील, असं विचारलं तर म्हणालास, चोरालाच लाज वाटेल. मी कपाळाला हात लावायची. इतका हुशार माणूस, आणि सगळी हुशारी त्या चार भिंतींत घालवलीस. हा राग माझा अजून गेलेला नाही आणि तू मेलास म्हणून तो जाईल असंही मला वाटत नाही.

आपली शेवटची भेट तर मी विसरूच शकत नाही. मला मोबाईलवर तो सिनेमा सापडला होता, खाली अक्षरं येतात तसा. आणि त्या नटाची सगळी माहितीही सापडली होती. मला वाटलं, आता तरी भाऊ निरुत्तर होईल. पडवीत तुझ्या बाजेवर बसून मी तुला एकेक वाचून दाखवलं. त्याचा जन्म खेड्यातला, घरची शेती, हे ऐकून तू खूश झालास. "मी सांगतलं होतं ना, बांधी हाय म्हनून." मी म्हटलं, धानाची नाही, मक्याची. तू म्हणालास, "चालते."

मग मी पुढं वाचलं. तो ट्रक चालवायचा. सिनेमावाल्यांनी त्याला धरून नेलं, त्याचं नाव बदललं, दात सरळ करून घेतले, आणि डोक्यावर टोपी ठेवली. ती टोपी लोकांना इतकी आवडली की मग त्याला तिच्याबाहेर पडताच येईना. प्रत्येक सिनेमात तोच माणूस. कुठून तरी येतो, थोडं बोलतो, एखाद्या बाईला जीव लावतो आणि निघून जातो. त्याला विनोदी काम करायचं होतं म्हणे, कोणी दिलं नाही. रंगीत सिनेमे आले, नवे हिरो आले, याला बारकी कामं मिळायला लागली. मग टीव्ही. मग दारू. लग्नं बरीच केली. मेला तेव्हा जवळ कोणी नव्हतं.

तू म्हणालास, "असं नसते होत. कोनीतरी असंनच."

मी म्हटलं, "अजून ऐक. नट व्हायच्या आधी गावी त्याची बायको होती, मुलगा होता. त्यांना सोडून गेला तो परत कधी गेलाच नाही. तो मुलगा म्हातारा झाल्यावर कोणाशी तरी बोललाय. म्हणतो, बापाचा प्रत्येक सिनेमा गावच्या थेटरात लागला की मी जायचो आणि शेवटपर्यंत बसायचो. एखाद्या सिनेमात तरी तो जाणार नाही असं वाटायचं."

मी मान वर केली. मला वाटलं तू पुन्हा गाडीची दिशा विचारशील. तू बाजेवरून उठलास. "बंद कर तो मोबाईल," म्हणालास, आणि खांद्यावर दुपट्टा टाकून बांधीकडे निघून गेलास. चहा ठेवला होता चुलीवर, तो उतून गेला. मी वाट पाहून साकोलीची बस धरली. बसमध्ये सगळी वाट मी हेच म्हणत होते की हरला की रुसतो, लहानपणापासून हेच आहे याचं.

त्यानंतर फोन आला तो शेजाऱ्यांचा. सकाळी अंगण झाडताना बसलास आणि उठलाच नाहीस. माझ्याजवळ अजून तीन पुरावे होते, भाऊ. तू मधूनच उठून गेलास.

आता तेरवीची गोष्ट पुरी करते. पाहुणे गेले, मांडवाखाली गिरजामावशी आणि मी दोघीच उरलो. गिरजामावशी म्हणजे मायची जन्माची जोडीदारीण, दोघी एकाच ओळीत वाकून रोवणी करायच्या. मावशी पत्रावळी गोळा करत होती. मी आपली तणतणत होते. म्हटलं, मावशी, या टोपीवाल्यानं मायला जन्मभर वाट पाहायला लावलं. भाऊनं खोटं सांगितलं आणि ती बिचारी खरं धरून बसली.

मावशी थांबली. "तुय माय? तिनं कायले खरं धरलं?"

"धरलं नाही तर दरवेळी पुढं जाऊन का बसायची?"

"अवं, पयल्याच दिवशी मी तिले म्हटलं, पाय, टोपीवाला घरी चालला. तशी थे मले म्हनते, घरी जानारा मानूस असा चेहरा करते काय? आमच्या मालकानं सौंदडले असाच चेहरा केला होता. हा नाही येत आता."

मी म्हटलं, "मग?"

"मंग काय. मी बी इचारलं, तुले समजते त कायले येतं पाहाले? थे म्हने, पोराचं आयकाले येतो. त्याच्या बापाले तो रोज घरी आनते. मी नाही बसली त सांगंन कोनाले?"

मावशीनं पत्रावळी उचलल्या आणि उकिरड्याकडे गेली. तिच्या लेखी ती जुनी, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट होती.

म्हणजे मायला इंग्रजीचं एक अक्षर न येता, तुझी गोष्ट कानावर पडत असताना, त्या नटाच्या नुसत्या चेहऱ्यावरून सगळं कळलं होतं. इतकं चांगलं काम केलं होतं त्यानं. कोणीतरी त्याला हे कळवायला हवं होतं, त्याला टोपीबाहेरचं काम न देणाऱ्यांनाही. आणि वाट माय पाहत नव्हती. ती कधीच मोकळी झाली होती, गळ्यातली पोत तिनं गावाची तोंडं बंद राहावीत म्हणून ठेवली असेल नाहीतर तुझ्यासाठी. वाट तू पाहत होतास. ज्यानं पेटी डोक्यावर घेतली होती तो. म्हणून नाटक कंपनी नाही, म्हणून लग्न नाही, म्हणून दाराला नुसती कडी. आणि मी तुझ्या पुढ्यात बसून, आवाज चढवून, तुला त्या म्हाताऱ्या मुलाची गोष्ट वाचून दाखवत होते.

पण तू सांगायचं होतंस, भाऊ. माझं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास तर मला कळणार कसं? हजार माणसांसमोर छडी घेऊन बोलणारा तू, घरात एक वाक्य बोलला नाहीस. एकदा म्हणाला असतास, मंदे, मला वाटतं ते येतील, तर मी भांडले असते, हे खरं. दोन दिवस भांडले असते. तिसऱ्या दिवशी तुझ्याजवळ बसून मीही तुझी गोष्ट ऐकली असती. मायला जमलं ते मला जमलं नसतं, असं तुला का वाटलं? याचाच मला जास्त राग येतोय आणि याचंच रडू येतंय.

तुझ्या खोलीत टीव्ही होता, व्हीसीआर होता, कॅसेटला बुरशी धरली होती. मी मोबाईलवर शेवटचा प्रसंग लावला आणि पुन्हा पाहिला. गाडी येते, तो चढतो, धूर होतो. स्टेशनचं नाव दिसत नाही. गाडी कोणत्या दिशेनं गेली हे खरंच कळत नाही. इतकी वर्षं मी पात्रांचं बोलणं ऐकत होते, रुळांकडे पाहिलंच नव्हतं. हा एवढा मुद्दा तुझा. बाकीचे माझे.

घर आता रिकामं आहे. कोंबड्या मावशीनं नेल्या. मी साकोलीहून येताना नवं कुलूप घेऊन आले होते, आणि ते दाराला लावलं. तू असतास तर रागावला असतास, पण मी रोज येऊ शकत नाही आणि चोरांना लाज वाटते यावर माझा विश्वास नाही. किल्ली मी मावशीच्या हातात दिली.

मावशी म्हणाली, "मले कायले? मी काय करू?"

मी म्हटलं, "कोणी आलं तर उघडून दे. बसव, पाणी दे."

"आता कोन येनार हाय वं?"

मी म्हटलं, "कोणी येणार नाही, मावशी. पण किल्ली ठेव."